इंजिनचं काम केलं आणि ठकठक मागे लागली: तुमचे अनुभव

तापीकाठ:
काल पारोळ्याच्या अलीकडे जेवायला थांबलो होतो. बाजूला एक जुनी टाटा १६१३ ट्रक लागली. बंद करायच्या आधी ड्रायव्हरने सवयीने एक रेस मारली आणि तो आवाज आला. ठक ठक ठक. ज्यांच्या घरात ट्रक होता त्यांना जास्त सांगायला नको.

आमच्या गाडीचं फुल इंजिन काम झालं होतं. लाइनर-पिस्टन नवे, क्रँक (पिस्टनचे रॉड ज्याला फिरवतात तो दांडा) पॉइंट पन्नास मिलिमीटर घासलेला, त्याच मापाची बेअरिंगं, हेड, नोजल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते), पंप सगळं. ऐन केळीचा सीझन, सावद्याला माल भरून दिल्लीला निघायचं, आणि गॅरेजच्या दारातच आयडलला ठकठक. मिस्त्रीने ऐकलं न ऐकलं, म्हणाला बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, वाजतंय, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोला. म्हणजे नवं ऑइल गेलं, पॅकिंग गेलं, गाडी परत उभी.

बाबा काही बोलले नाहीत. केबिनमध्ये चढले आणि ब्रेकच्या हवेच्या काट्याकडे बघत बसले. हवा भरतेय तोवर आवाज. टाकी भरली, फुस्स झालं, आवाज गायब. मग ब्रेक दाबून दाबून हवा उतरवली, तर ठकठक परत हजर. कंप्रेसर! इंजिन पूर्ण खोलून बांधलं, पण बाजूला लटकलेल्या, ही हवा भरणाऱ्या कंप्रेसरला कोणी हातच लावला नव्हता. त्याचाही पिस्टन असतो, रॉड असतो, बेअरिंग असतं. खोलल्यावर रॉड बोटांनी हलत होता.

तुमच्याकडे काय निघालं? लिहा.

कळण्याची_भाकर:
पारोळ्याच्या अलीकडे म्हणजे कुठे? शेवभाजी मिळते का तिथे, ते आधी सांगा 😀

सहा_नंबर_हायवे:
बाबांना नमस्कार सांगा. आमच्याकडे नोजल निघालं. टाटाचं ६९७ इंजिन, आवाज लोखंडावर हातोडी मारल्यासारखा. आयडलवर ठेवून एकेका सिलेंडरच्या डिझेल नळीचा नट ढिला करत गेलो, म्हणजे तेवढ्या सिलेंडरचं डिझेल बंद. तीन नंबर ढिला केला की आवाज मरायचा. इथे पुष्कळ जण फसतात. आवाज मेला म्हणजे लगेच रॉडचं बेअरिंग गेलं असं नसतं, नोजल खराब असलं तरी मरतोच. म्हणून तीनचं नोजल काढून पाचला लावलं, पाचचं तीनला. आवाज नोजलसोबत पाचला गेला. विषय संपला. तो तीनलाच राहिला असता तर चेंबर खोलायला लागलंच असतं.

धुळे_ते_सेंधवा:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे, पण हे जुन्या पंपाच्या इंजिनला. नवीन कॉमन रेल गाडीला (सगळ्या नोजलना एकाच नळीतून कायम प्रेशरचं डिझेल मिळतं तिला) चालू इंजिनवर नळी ढिली करायची नाही म्हणजे नाही. प्रेशर हजार बारच्या वर जातं, धार कातडीतून आत शिरते, बोट कापायची वेळ येते. तिथे स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर, म्हणजे तिथलं नोजल, बंद करता येतो.

कळण्याची_भाकर:
बापरे. हे माहीत नव्हतं. आमच्या पोराला वाचून दाखवतो.

मेहरूणची_बोरं:
मी गाडी चालवत नाही, हिशोब ठेवते. यांच्या गाडीचं काम झालं त्या हिवाळ्यात रोज पहाटे आवाज. धुळ्याची थंडी माहितीये ना सगळ्यांना. चहा होऊन कप धुवून होईपर्यंत आवाज गेलेला असायचा. यांची झोप उडालेली, हप्ते तर चालूच. मिस्त्री म्हणाला, वहिनी, गार असताना वाजतंय आणि तापल्यावर बंद होतंय ना, मग पिस्टन लाइनरमध्ये जरा मोकळा बसलाय, ऑइल बघत राहा, चालवा. ऑइल काही पीत नव्हती, ऑइल प्रेशरचा काटा पण जागेवर. पुढे गाडी विकेपर्यंत तशीच चालली. लेथवाल्याने बिलात मात्र एक रुपया सोडला नाही.

भुसावळ_लोको:
वहिनी 😂 लेथवाले सगळे एकाच शाळेतले.

रिकामी_परत:
आमचं उलटं. गार असताना एकदम गप्प. लळिंग घाटात लोडवर आली, इंजिन तापलं, की खालून जाड आवाज आणि ऑइलचा काटा खाली खाली. माल तिथेच दुसऱ्या गाडीत चढवला. गॅरेजचं नाव घेत नाही. चेंबर काढलं तर तळाला धातूच्या चुऱ्याची चमचम, चार नंबरच्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं. कारण काय? प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर (क्रँकभोवती बसणाऱ्या खालच्या अर्ध्या भागावर) एकच नंबर ठोकलेला असतो, जोडीनेच घासून आलेले असतात. हेल्परने सगळ्या कॅपा एकाच घमेल्यात डिझेलने धुतल्या आणि बसवणाऱ्याने नंबर न बघता बसवल्या. चारची पाचला, पाचची चारला. क्रँक परत घासायला गेला. भाडं गेलं, व्यापारी पण गेला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तापीकाठ:
अरेरे. गार असताना गप्प, तापल्यावर काटा खाली, असं असेल तर ऐकत बसायचंच नाही. बंद करायची आणि टोचन करून न्यायची.

बिजासन_उतार:
क्लच दाबून बघितला का कोणी? क्लचवर पाय ठेवला की आवाज बदलत असेल तर आधी मागे बघा. थ्रस्ट वॉशर, फ्लायव्हीलचे बोल्ट, गिअरबॉक्सच्या पुढचं बेअरिंग. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य होतं, "आवाज कथा शे नी हात कथा घाली राहिना रे?" म्हणजे आवाज कुठे आहे आणि हात कुठे घालतोयस. लांब टॉमी (लोखंडी कांब) कानाला लावून इंजिनभर फिरायचा, मगच पाना मागायचा.

सहा_नंबर_हायवे:
😂😂 हेच सांगायचं असतं यांना.

केळीचं_खोड:
विषय सोडून विचारतो, रावेरकडे या आठवड्यात दिल्लीच्या गाड्या लागतायत का? आणि आमच्या टाटा ४०७ चं पण आत्ताच काम झालंय. टकटक बारीक आहे, वरून येतेय, रेस दिली की जलद होते. तापो न तापो सारखीच. काटा छान आहे. मिस्त्री म्हणतो हजार किलोमीटर चालू द्या, बसेल आपोआप.

रिकामी_परत:
बसेल म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही आता.

सहा_नंबर_हायवे:
भो, बारीक आणि वरून म्हणजे आधी टप्पेट, व्हॉल्ववरची फट. कव्हर उघडून फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लाव, कंपनीचं माप बघून. हेड घासलं होतं का? घासलं असेल आणि व्हॉल्व पुरेसे आत बसले नसतील, नाहीतर गॅस्केट पातळ पडलं असेल, तर व्हॉल्व पिस्टनला टेकतो. ते हजार किलोमीटरने बसत नाही, वाकतं.

केळीचं_खोड:
हेड घासलंय. गॅस्केट कुठलं लावलं ते विचारतो. उद्या कव्हर उघडेपर्यंत गाडी हलवत नाही.

धुळे_ते_सेंधवा:
बरं करशील. आणि रावेरला गाड्या लागतायत, पण भाडं पडलंय. फोन करून जा.