नगरपंचायतीची कामं: पैसे कमी, यादी लांब, आधी काय घ्यायचं?

नवखा_नगरसेवक
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच निवडून आलोय. तालुक्याचं गाव आहे, आधी ग्रामपंचायत होती मग नगरपंचायत झाली, लोकसंख्या 18 हजाराच्या घरात, प्रभाग 17. मधे बरेच दिवस प्रशासक होते त्यामुळे कामांची यादी अशी कोणाकडेच नाही, आणि आता बजेटची सभा तोंडावर आलीय तर नगराध्यक्षांनी प्रत्येकाला आपापल्या प्रभागातली कामं लिहून द्या म्हणून सांगितलं, झालं, गठ्ठा जमला. सिमेंट रस्ते, पेव्हर ब्लॉक, गटारी, दोन नव्या पाण्याच्या टाक्या, स्मशानभूमीला शेड, बाजारतळावर ओटे, कचरा डेपोला कंपाउंड, ओपन जिम, आणि अर्थातच स्वागत कमान. सगळं मिळून जी रक्कम होते ती आमच्या पाच वर्षांच्या वसुलीतून पण निघणार नाही.

पाणी चार दिवसाआड येतं. लाइन ग्रामपंचायतीच्या काळातली, काही गल्ल्यात अजून जुने सिमेंटचे पाइप आहेत. मुख्याधिकारी साहेब म्हणतात जे योजनेत बसेल ते पाठवून देऊ. बाकीचे सदस्य म्हणतात 17 ने भागा आणि सारखे वाटून घ्या, भांडण नको. मला दोन्ही पटत नाहीये पण त्याच्याऐवजी काय हे पण सांगता येत नाहीये. पाच वर्षांची एक यादी करून क्रम लावायचा तर कसा लावतात? कोणी प्रत्यक्ष केलंय का?

चौकातला_चहा
सोप्पंय, कमान आधी. पाहुणे आले की वर बघत येतील, खड्डा दिसणार नाही 😄

निवृत्त_उपअभियंता
चहावाल्यांचा जोक चांगलाय पण कमानीचा निधी बहुतेक वेळा वरून "कमानीसाठी"च आलेला असतो, तो पाण्याला वळवता येत नाही, हे पण लक्षात घ्या. तो मुद्दा लेखावाले कोणी असतील तर सांगतील, मी माझ्या बाजूचं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे यादीतली अर्धी कामं सुटी कामं नाहीतच, ती एकमेकांवर बसलेली आहेत. एका गल्लीत सिमेंट रस्ता, गटार आणि पाइपलाइन अशी तीन कामं असतील तर तिथे क्रम लावायचा प्रश्नच येत नाही, आधी पाइप, त्याच्याबरोबर घरांची नळजोडणी रस्त्याच्या कडेपर्यंत काढून ठेवणे, मग गटार, मग रस्ता. आपल्याकडे उलटं होतं कारण रस्त्याचा पैसा लवकर येतो. रस्ता झाला की वर्षात पाइपलाइन मंजूर होते, ब्रेकर लावून मधोमध चर मारतात, आणि दोषदायित्वाच्या काळात (म्हणजे बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं त्या मुदतीत) ठेकेदाराला बोलावलं तर तो म्हणतो तुम्हीच फोडलाय, आता माझी जबाबदारी नाही. आणि तो बरोबर असतो. म्हणून गावाच्या नकाशावर जिथे पुढच्या पाच वर्षांत पाइप बदलणार त्या गल्ल्या लाल करा आणि तिथे रस्ता घ्यायचा नाही असा सरळ ठराव करा, डांबराचं पॅचवर्क करा खुशाल, काँक्रीट नाही.

गटारींचं तर विचारूच नका. गटार शेवटाकडून बांधत यायची असते, म्हणजे नाल्याच्या तोंडापासून वर. तुम्ही 17 ने भागलं की प्रत्येकजण आपल्या दारातून शंभर मीटर बांधतो, खालच्या प्रभागात तळाची पातळी वर राहते आणि पाणी मधेच तुंबतं, मग डास आणि मग फॉगिंग मशीनची मागणी. लेव्हल घेऊन पूर्ण गावाचा उतार एकदा काढून घ्या, फार खर्च नाही त्याला.

आता टाक्या. दोन नव्या टाक्या कोणी सुचवल्या? टाकीत पाणी तयार होत नाही. हिशोब बघा, भुयारी गटार योजना नसलेल्या शहराला निकष माणशी रोज 70 लिटर, भुयारी गटार असेल तर 135. 18 हजाराला 70 ने 12 लाख 60 हजार लिटर रोज, 135 ने 24 लाख 30 हजार. तुम्ही रोज उपसता किती? हे कोणाला माहीत आहे का तुमच्याकडे? पंपाच्या पाटीवरचा आकडा सांगू नका, जुना पंप पाटीएवढं देत नसतो. जॅकवेलला (जिथून पाणी उपसतो ती विहीर) किंवा शुद्धीकरण केंद्रावर फ्लो मीटर, म्हणजे किती पाणी गेलं ते मोजणारा मीटर, नसेल तर यादीत एक नंबरला फ्लो मीटर लिहा. मीटर येईपर्यंत साधी युक्ती आहे, टाकी भरून घ्या, आत येणारा व्हॉल्व बंद करा, एकाच झोनला पाणी सोडा, टाकी किती उतरली ते बघा, त्यावरून किती लिटर गेलं ते निघतं, त्याला त्या झोनमधल्या घरांनी भागा. जे उत्तर येईल त्यावर टाकी हवी का पाइप हवा ते ठरेल.

लेखा_शाखा
मी एका ब वर्ग नगरपरिषदेत लेखा बघतो, नाव सांगत नाही. वरचं सगळं बरोबर आहे पण क्रम लावायच्या आधी पैशाचे कप्पे लिहा, नाहीतर यादी कागदावर राहील. पंधराव्या वित्त आयोगात तुमच्यासारख्या गावांना 2021 ते 26 साठी 60 टक्के पैसा बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, त्यातला अर्धा पिण्याचं पाणी नि पावसाचं पाणी साठवणं वगैरे, अर्धा स्वच्छता नि घनकचरा. उरलेला 40 टक्के अबंधित, पण तोही पगाराला चालत नाही. त्यातलं काही शिल्लक पडलंय का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी पडलेलं असतं आणि सदस्यांना माहीतच नसतं. बाकी राज्याच्या योजना, नगरोत्थान, अण्णाभाऊ साठे वस्ती सुधार योजना (ही दलित वस्तीची), दलितेतर वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी, शिवाय आमदार निधी, डीपीडीसी म्हणजे जिल्हा नियोजनाचा पैसा, हे सगळे वेगवेगळे कप्पे. दलित वस्तीचा पैसा त्याच वस्तीत, तिथे हात मारायचा नाही.

माझं साधं म्हणणं, जे काम कुठल्यातरी योजनेत बसतं ते स्वनिधीतून, म्हणजे आपल्या स्वतःच्या वसुलीच्या पैशातून, कधीच करू नका. स्वनिधी हा सगळ्यात महाग पैसा आहे. तो फक्त ज्याला कोणीच पैसे देत नाही त्याला ठेवा: डीपीआर (योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल) करून घेणे, सर्व्हे, फ्लो मीटर, जागेची मोजणी, आणि योजनेतला आपला लोकवाट्याचा हिस्सा. कितीतरी गावांची मंजुरी फक्त हिस्सा भरायला पैसे नाहीत म्हणून अडकते, तेव्हा स्वनिधी आधीच पेव्हर ब्लॉकमध्ये गेलेला असतो. अमृत 2.0 मध्ये (केंद्राची शहरांच्या पाण्याची योजना) एक लाखाच्या आतल्या गावांना केंद्र 50 टक्के देतं, पण ते ऑक्टोबर 2021 ला पाच वर्षांसाठी सुरू झालं, म्हणजे आज डीपीआर हातात नसेल तर त्याच्या भरवशावर बसू नका.

आणि अंदाजपत्रकात 50 लाख लिहिलं म्हणजे 50 लाख नसतात हो. ठेक्याच्या कामावर जीएसटी 18 टक्के, 2022 पासून, म्हणजे 9 लाख वरती. कामगार उपकर 1 टक्का. तपासणीचा खर्च वेगळा. सदस्य ठोकळ आकडे धरून यादी करतात आणि शेवटची चार कामं आपोआप गळतात.

अजून एक, प्रत्येक कामापुढे एक रकाना करा, "झाल्यावर दरमहा खर्च किती". टाकी, पंप, उद्यान, व्यायामशाळा, सगळ्याला लाइट बिल आणि माणूस लागतो. तो रकाना भरला की निम्मी हौस आपोआप उतरते.

माजी_अध्यक्ष
इंजिनिअर साहेब आणि लेखावाले दोघांना राम राम, पण तुम्ही दोघं मतं मागायला कधी दारात गेला नाहीत हे लगेच कळतं. जमिनीखालचं काम कोणाला दिसत नाही. पहिलं वर्ष डीपीआर, सर्व्हे, मीटर यात घालवलं तर दुसऱ्या वर्षी तुमच्या यादीच्या बाजूने हात वर करणारा एक सदस्य उरणार नाही, आणि यादी सभेत मंजूर व्हायला हात लागतात. मी असं केलं होतं की पहिल्या सहा महिन्यांत सगळ्या 17 प्रभागात बंद पडलेले दिवे लावले. सगळ्या, विरोधकांच्या पण. खर्च किरकोळ, भांडण शून्य. त्यावर वजन पडलं आणि मग पाइपलाइनचा क्रम गळ्याखाली उतरवता आला. समान वाटपाला सरसकट नाही म्हणू नका, छोटी रक्कम समान वाटा, म्हणजे प्रत्येकाला दाखवायला काहीतरी राहतं, आणि मोठी रक्कम गावाची म्हणून बाजूला काढा.

आणि जागा! जागेचं कोणीच बोललं नाही. कचरा डेपो, टाकी, सभागृह, जे काही असेल, सातबारा नगरपंचायतीच्या नावावर आहे का ते आधी. आमची एक चांगली मंजुरी गायरानाच्या फायलीत इतकी वर्षं फिरली की दर सूची (कामांच्या सरकारी दरांची यादी) बदलली आणि त्या पैशात काम बसेना. ज्या कामाची जागा क्लिअर नाही ते यादीत शेवटी टाका, कितीही गरजेचं असलं तरी, आणि पैसा न लागता करता येणारं काम म्हणून जागेची फाइल आजच हलवा.

निवृत्त_उपअभियंता
दिव्यांचं मान्य. समान वाटपाचं अजिबात नाही. छोटी रक्कम म्हणून सुरू होतं आणि तिसऱ्या वर्षी तीच मोठी झालेली असते, मी हे एकापेक्षा जास्त गावात बघितलंय. वाटायचंच असेल तर दुरुस्तीचा पैसा वाटा, नवीन कामाचा नको.

आणि एक राहिलं होतं, या सगळ्या क्रमाच्या वर एक गोष्ट असते, जिथे जीवाला धोका आहे ते. जुनी टाकी गळत असेल, सळया दिसत असतील, शाळेची भिंत झुकली असेल, तर तिथे चर्चा नाही. जुन्या टाकीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, ती पाडायची निघाली तर मात्र नवीन टाकीची मागणी बरोबर ठरते, तेव्हा मी पण तुमच्या बाजूने.

बाजारवार_गुरुवार
मी नगरसेविका नाही, साधी रहिवासी आहे, दुसऱ्या तालुक्यातली. तुमच्या यादीत बाजारतळावर ओटे दिसले पण बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी मुतारी नाही दिसली. आमच्याकडे पण नव्हती, कित्येक वर्षं. खेड्यातून पहाटे भाजी घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाहीत, मुद्दाम. कुठल्याच प्रभागाची मागणी नसते ना ती, कारण त्या बायका मतदार दुसऱ्या गावच्या. तुम्ही प्रभागवार यादी मागितली की असली कामं कोणाच्याच कागदावर येत नाहीत. बाजार, एसटी स्टँडच्या बाहेरची जागा, सरकारी दवाखान्याचा रस्ता, हे कोणाचे प्रभाग? ते वेगळं लिहून काढा. आणि बांधलं तर पाणी आणि साफ करणारं माणूस पण लिहा, नुसतं कुलूप लावून ठेवायला नको.

लेखा_शाखा
ताई, एकदम बरोबर. आणि स्वच्छतेच्या बंधित पैशात बसतंय का ते तपासायला हरकत नाही.

चौकातला_चहा
आता सीरियस विचारतो, हे सगळं केलेलं एखादं गाव आहे का आपल्याकडे, का नुसतं ज्ञान?

निवृत्त_उपअभियंता
आहेत की. कराडशेजारचं मलकापूर बघा. तेव्हा नगरपंचायतच होती, तिथे 24 तास पाणी दिलं, प्रत्येक नळाला मीटर आणि जास्त वापराला चढा दर. मीटरशिवाय ती योजना उभीच राहिली नसती, लोकांनी नळ चालूच ठेवले असते. मैल्याच्या बाबतीत वाई आणि सिन्नर, भुयारी गटारीचा मोठा डीपीआर घेऊन रडत बसले नाहीत, सगळ्या घरांच्या सेप्टिक टँक तीन वर्षांच्या फेरीने रिकाम्या करायचं वेळापत्रक लावलं आणि मैला शुद्धीकरणाची सोय केली. कचऱ्यात वेंगुर्ला, डंपिंगच्या जागेवर लोक फिरायला जातात. चौघांचं सामान्य काय तर आधी एकच विषय धरला आणि तडीस नेला.

माजी_अध्यक्ष
आणि चौघांकडे तेव्हा कोणीतरी पाठ न सोडणारा माणूस होता, अधिकारी म्हणा नाहीतर पदाधिकारी. ते पण लिहा.

नवखा_नगरसेवक
सगळ्यांचे आभार. उपअभियंता साहेबांनी सांगितलेला टाकीचा प्रयोग पाणीवाल्या पोरांना घेऊन केला. एक झोन, घरं साधारण दीडशे, 2 लाखाची टाकी जवळपास पूर्ण उतरली. म्हणजे घरामागे तेराशे लिटरच्या वर गेलं. त्या गल्लीत फिरून विचारलं तर लोक म्हणतात एक प्लास्टिकची टाकी आणि एखादा ड्रम भरतो, सहाशे सातशे लिटर धरा. बाकीचं कुठे गेलं ते चालताना दिसलंच, निम्म्या नळांना तोट्या नाहीत आणि एका ठिकाणी गटारीतून स्वच्छ पाणी वाहत होतं. दोन टाक्यांची मागणी ज्यांची होती ते माझ्याबरोबरच होते, ते काही बोलले नाहीत.

आता सभेत असं मांडतोय: फ्लो मीटर, लेव्हल सर्व्हे, जुन्या टाकीचं ऑडिट आणि पाण्याचा डीपीआर स्वनिधीतून, दिवे सगळीकडे, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह, लाल गल्ल्यांत काँक्रीट बंद. कमान कोणी वरून पैसे आणले तर करा, नाहीतर नाही. एक शंका, हे नुसतं बजेटच्या पुस्तकात आलं तर पुढच्या वर्षी कोणीही क्रम बदलेल ना?

लेखा_शाखा
बदलेल. म्हणून बजेटबरोबर वेगळा ठराव घ्या, त्याला यादी परिशिष्ट म्हणून जोडा, प्रत्येक कामापुढे क्रमांक, अंदाजे रक्कम जीएसटीसकट, कुठल्या कप्प्यातून, जागेची स्थिती आणि दरमहा खर्च. आणि ठरावात एक वाक्य टाका की यादीबाहेरचं काम घ्यायचं असेल तर यादीतलं कुठलं काम मागे जाणार ते त्याच ठरावात नाव घेऊन लिहायचं. बदलणारे बदलतीलच, पण मग ज्याच्या गल्लीतलं काम मागे गेलं तो सभेत उठून उभा राहतो. इतिवृत्ताची सहीची प्रत स्वतःकडे घेऊन ठेवा, पुढच्या सभेत कायम होईपर्यंत वाट बघू नका.

चौकातला_चहा
आणि लाल गल्ल्यांचा नकाशा नगरपंचायतीच्या बाहेर बोर्डावर लावा, मोठा. आमच्या चौकात असता तर मीच लक्ष ठेवलं असतं, दिवसभर काम काय मला.