कॉर्पोरेट वकील की कमर्शियल वकील? कोणाकडे जाऊ? (मदत हवी आहे)

अबोली_२
वेळ कमी आहे, कृपया लवकर सांगा. आमच्या कंपनीची नोंदणी ज्या वकिलांनी करून दिली त्यांना करार दाखवला तर म्हणाले, मी कॉर्पोरेट बघतो, हे कमर्शियलचं काम आहे. मग एका कमर्शियलवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी अर्धे कागद परत केले, हे कॉर्पोरेटकडे न्या म्हणे. दोघंही कंपन्यांचीच कामं करतात ना? मग ही टोलवाटोलवी कशासाठी? शुक्रवारी सही आहे. गूगल करा सांगू नका, करून झालंय.

वाटसरू
करार कसला? मालाचा, कर्जाचा, शेअर्सचा? आणि समोर कोण आहे? एवढं तरी सांगा.

रानवारा
सरळ सांगतो, वकील लागतच नाही. आमच्या धंद्यातले सगळे करार मी स्वतः लिहितो. एक चांगला नमुना घ्यायचा, नावं बदलायची, झालं. वकील मध्ये आला की दोन पानांची वीस पानं होतात.

तिरकी_रेघ
रानवारा, जोवर दोन्ही बाजू खूश आहेत तोवर नमुना चालतो. तो उघडून वाचायची वेळ भांडण झाल्यावरच येते.

अबोली, मी याच क्षेत्रात आहे. कुठलाही कागद हातात आला की आधी एकच बघते: याने कंपनीची मालकी, भांडवल किंवा आत निर्णय घेण्याचा अधिकार बदलतोय का? बदलत असेल तर ते कॉर्पोरेट. नवे शेअर्स देणं, गुंतवणूकदार आत घेणं, कंपनी विकणं, विलीनीकरण, भागधारकांचा करार, संचालक नेमणं हे सगळं त्यात आलं. मालकी जागच्या जागी राहून कंपनी बाहेरच्यांशी व्यवहार करत असेल तर ते कमर्शियल: पुरवठा, वितरण, फ्रँचायझी, सॉफ्टवेअरचं लायसन्स, गोपनीयतेचे करार. कॉर्पोरेटचं काम एखाद्या सौद्याभोवती उभं राहतं आणि क्लोजिंग (पैसे आणि शेअर्स प्रत्यक्ष हस्तांतरित होणं) झालं की बरंचसं संपतं. कमर्शियल करार सही झाल्यावर कामाला लागतो आणि पुढे वर्षानुवर्षं कंपनीच्या गळ्यात असतो.

जुना_खांब
एवढी साधी विभागणी नाही ही. ब्रिटनमधल्या मोठ्या फर्ममध्ये कॉर्पोरेट आणि कमर्शियल हे खरोखरच वेगळे विभाग असतात. अमेरिकेत मात्र कोर्टात न जाता सौदे करणाऱ्याला बहुतेक वेळा सरसकट कॉर्पोरेट लॉयरच म्हणतात, मग तो लायसन्सचे करार का लिहीत असेना. फ्रान्समध्ये तर १८०७ च्या व्यापार संहितेत कंपन्यांचे नियमसुद्धा होते, म्हणजे तिकडे कंपनी कायदा व्यापारी कायद्याच्याच पोटात. पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

तिरकी_रेघ
पाटीवर जाऊ नका, हे मान्य. म्हणून तर कागद बघा म्हणतेय.

अबोली_२
इतिहास नंतर वाचते हो. करार वितरणाचा आहे. आमचं उत्पादन ते विकणार, त्यांच्या भागात फक्त तेच. पाच वर्षांसाठी.

वाटसरू
ते माल विकत घेऊन स्वतःच्या नावावर विकणार, की तुमच्या वतीने ऑर्डरी आणून कमिशन घेणार?

अबोली_२
काय फरक पडतो? विकणार ना.

वाटसरू
खूप फरक पडतो. माल विकत घेऊन पुढे विकतो तो डिस्ट्रिब्युटर. माल पडून राहिला, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर ते सहसा त्याच्या अंगावर. तुमच्या वतीने सौदा जमवतो तो एजंट. युरोपियन संघाच्या १९८६ च्या निर्देशानुसार करार संपवताना कमर्शियल एजंटला भरपाई द्यावी लागू शकते, आणि करारात 'भरपाई नाही' असं आधीच लिहून ती टाळता येत नाही. शीर्षकात डिस्ट्रिब्युटर लिहिलं आणि काम एजंटचं असलं, तर कोर्ट काम बघतं.

अबोली_२
विकत घेणार. मग कमर्शियल ना? नक्की?

कोवळी_पालवी
मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन्हीपैकी कशात करिअर करावं? कॉर्पोरेटमध्ये रात्र-रात्र बसावं लागतं हे खरं का?

जुना_खांब
खरं आहे. सौद्याची तारीख जवळ आली की घड्याळ बघायचं नसतं. कमर्शियलमध्ये काम जास्त समान पसरलेलं असतं, पण एकाच वेळी बरेच अशील सांभाळावे लागतात. आणि 'कॉर्पोरेटवाले कोर्टात जात नाहीत, कमर्शियलवाले जातात' असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. व्यापारी दावे लढवणारे वेगळे, करार लिहिणारे वेगळे.

सावळा_मेघ
मूळ प्रश्नावर येतो. वकील कुठलाही घ्या, करारात लवादाचं कलम (भांडण कोर्टात न नेता दोघांनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडून सोडवायचं) टाकाच. १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारात १७० हून जास्त देश आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा दुसऱ्या देशातही अंमलात आणता येतो. कोर्टाच्या निकालाचं तसं नाही. बाकी कलमं दुय्यम.

तिरकी_रेघ
दुय्यम कशी? भांडण कुठे करायचं ते लवादाच्या कलमाने ठरतं. कशावरून करायचं ते बाकीची कलमं ठरवतात.

अबोली, कमर्शियल बाईंनी *अर्धे* कागद परत केले म्हणालात. ते कुठले होते?

अबोली_२
ते दुसरं आहे. वितरक आमच्या कंपनीत १५ टक्के शेअर्स घेतोय आणि त्याचा एक माणूस बोर्डावर येणार. पण ते ठरलंय, त्यात वाद नाही. मला फक्त वितरणाचं विचारायचं होतं.

वाटसरू
अहो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं!

तिरकी_रेघ
आता कळलं. कोणीही टोलवत नव्हतं, दोघांनीही आपापला भाग ओळखून दुसरा परत केला. तुम्हाला दोघंही लागणार, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं लागणार. हे दोन करार वेगवेगळे लिहिले गेले तर मधल्या फटीत तुम्ही अडकाल.

समजा, दोन वर्षांनी त्यांनी ठरलेला माल उचलला नाही आणि तुम्ही वितरण करार संपवला. शेअर्स कुठे जातात? कुठेच नाही. त्यांचा माणूस बोर्डावर बसून राहतो, नव्या वितरकाला तुम्ही काय भाव देताय ते त्याच्यासमोर येतं, आणि तोपर्यंत त्यांनी तुमच्या स्पर्धकाचा माल विकायला घेतलेला असू शकतो. भागधारक करारात लिहून घ्या: वितरण करार त्यांच्या चुकीमुळे संपला तर त्यांचे शेअर्स परत घ्यायचा हक्क, त्यांची किंमत काढायची पद्धत आणि बोर्डावरची जागा जाणं. कायद्यानुसार ते शेअर्स कंपनी घेऊ शकते की तुम्ही संस्थापकांनीच घ्यायचे, हे कॉर्पोरेटवाला सांगेल. करार कुठल्या कारणांनी आणि किती नोटिशीने संपतो हे कमर्शियलवाला लिहील.

शेवटच्या पानांकडेही बघा. 'हा उभय पक्षांमधला संपूर्ण करार असून यापूर्वीचे सर्व करार रद्द समजावेत' असं वाक्य जवळपास प्रत्येक नमुन्यात असतं. एका करारावर आज सही झाली, दुसऱ्यावर पुढच्या आठवड्यात, आणि दुसऱ्यात हे वाक्य जसंच्या तसं राहिलं, तर पहिला करार टिकला की नाही यावरच वाद उभा राहील.

सावळा_मेघ
आणि एकात लवाद, दुसऱ्यात कोर्ट असं नको. एकाच भांडणाचे दोन तुकडे होतील.

तिरकी_रेघ
याला पूर्ण अनुमोदन.

रानवारा
शेअर्सचं प्रकरण असेल तर वकील घ्या, बाबा. मी साध्या मालाच्या करारांबद्दल बोलत होतो.

वाटसरू
अजून एक. नोंदणीवाले वकील कंपनीचे आहेत की तुमचे? कंपनी वेगळी व्यक्ती आणि तुम्ही वेगळ्या. उद्या तुमचा आणि दुसऱ्या संस्थापकाचा हिशोब जुळला नाही तर कंपनीचा वकील तुमची बाजू घेणार नाही. कंपनी वेगळी, मालक वेगळा, याच तत्त्वावर ब्रिटनमधला १८९७ चा सॉलोमनचा निकाल उभा आहे.

जुना_खांब
निकाल १६ नोव्हेंबर १८९६ चा. निकालांच्या संग्रहात छापला गेला १८९७ ला, म्हणून सगळे ते साल देतात. तत्त्व बरोबर.

अबोली_२
दुसरा संस्थापक म्हणजे माझा भाऊच आहे. १५ टक्के त्याच्या हिश्शातून द्यायचे की नवे काढायचे हे अजून ठरलेलं नाही.

तिरकी_रेघ
मग 'ठरलंय, वाद नाही' असं समोरच्याला सांगू नका. त्याच्या हिश्शातून गेले तर पैसे भावाला मिळतात आणि तुमची टक्केवारी तशीच राहते. नवे काढले तर पैसे कंपनीत येतात आणि दोघांचीही टक्केवारी घटते. शुक्रवारच्या आत भावाशी बोला. भावाचं नातं आहे म्हणून हे तोंडी ठेवू नका.

अबोली_२
त्यांना आत्ताच कळवलं की दोन्ही करारांवर एकाच दिवशी सही होईल, शुक्रवारी नाही. नाराज आहेत, पण थांबायला तयार आहेत. दोन्ही वकिलांना एकत्र बसवतेय. जाताना काय नेऊ?

तिरकी_रेघ
कंपनीचे आर्टिकल्स (अंतर्गत नियमावली), भागधारकांची नोंदवही, दोन्ही मसुदे आणि आत्ता चालू असलेले सगळे मोठे करार, बँकेच्या कर्जाचासुद्धा. मालकी बदलली किंवा नवा भागधारक आला तर आधी परवानगी घ्या, असं कलम त्यांपैकी एखाद्यात असू शकतं. असेल तर ती परवानगी सहीच्या आधी लेखी हवी.