मदत हवी आहे : कूलर दिवसरात्र सुरू, तरी लेकराच्या घामोळ्या जात नाहीत

धुऱ्यावरची_बाभूळ · १५ मे, दुपारी २.१०
दारव्ह्याकडचं खेडं आहे आमचं. लेकराच्या पाठीवर अन् मानेत घामोळ्या भरल्या आहेत. आठ दिवस झाले. पावडर लावून झाली, मुलतानी माती झाली, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ झाली, काडीचा फरक नाही. कूलर आहे, दिवसरात्र सुरू असतो. तरी रात्रभर किरकिर करते, पाठ टेकू देत नाही. मला पहाटे चारला उठून डबे करावे लागतात, कारण ऊन व्हायच्या आत घरचे वावरात जाऊन येतात. कोणती पावडर किंवा मलम आणू, तेवढं सांगा. औषधाचं दुकान तालुक्याला आहे, एका चकरेत काम झालं पाहिजे.

कवेलू · दुपारी २.३२
ताई, लेकरू केवढं आहे? घर स्लॅबचं की टिनाचं?

निंबोणी · दुपारी २.४०
तुरटी. एक खडा बादलीत फिरवायचा, त्या पाण्यानं अंग पुसायचं. माझ्या तिन्ही पोरांना मी हेच केलं, तीन दिवसांत साफ. पावडरीवर पैसे घालू नका.

मास्तर_आर्वी · दुपारी २.५५
मूळ दोष शरीरातल्या उष्णतेचा आहे. ज्वारीची आंबील सकाळ-संध्याकाळ द्या, कैरीचं पन्हं द्या, मुलाला कांदा खायची सवय लावा. आमच्या लहानपणी खिशात कांदा ठेवल्याशिवाय कोणी उन्हात निघत नसे.

गावची_आशा · दुपारी ३.०५
मास्तर, आधी वय कळू द्या. लेकरू पाच महिन्यांचं असलं तर पन्हं सोडा, वरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही. बाळाची तहान त्या दुधानंच भागते.
बाभूळताई, एवढं सांगा : वय किती? ताप आहे का? फोडांत पू दिसतो का? दिवसातून लघवी किती वेळा होते? अन् पावडर कशी लावता? डबा थेट अंगावर झटकत असाल तर आजच बंद करा. ती भुकटी श्वासातून बाळाच्या छातीत जाते.

धुऱ्यावरची_बाभूळ · दुपारी ३.४०
सात महिन्यांची आहे. ताप नाही, पू नाही. लघवी सात-आठ वेळा होत असेल, मोजली नाही. घर टिनाचं. गेल्या वर्षी छपराची मातीची कवेलू काढून टिनं टाकली, माकडं कवेलू फोडत होती म्हणून. पण मी पावडर विचारली होती, घर नाही.

वाळ्याची_ताटी · दुपारी ३.५२
घराचंच विचारायला पाहिजे ताई, मूळ तिथंच आहे. कवेलूच्या फटीतून गरम हवा निघून जाते, टीन तापलं की सगळी धग खाली सोडते. आजच टिनावर चुना मारा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात खाण्याचा डिंक अन् मूठभर मीठ टाकायचं म्हणजे पकड येते. झाडूनं दोन हात. पांढऱ्या टिनावरून ऊन परत फिरतं. मी सहा वर्षांपासून दर मार्चला मारतो. आधी दुपारी खोलीत बसवत नव्हतं, आता जेवण करून तिथंच लवंडतो.

कवेलू · दुपारी ४.०१
चुना बरोबर, मीठ चूक. मिठानं टीन गंजते, दोन पावसाळ्यांत भोकं पडतात. भिंतीला मीठ चालतं, टिनाला नाही. त्यापेक्षा वर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या अंथरा, चार बोटं जाड थर, वरून तार आवळा.

वाळ्याची_ताटी · दुपारी ४.०९
सहा वर्षांत माझ्या टिनाला एक भोक नाही. तुराट्या टाकून दाखवा, मे महिन्यातल्या एका वावधनात शेजाऱ्याच्या अंगणात जातील. अन् चुलीची ठिणगी उडाली तर?

गावची_आशा · दुपारी ४.२०
भांडण नंतर करा. चुना भिजवताना तो खदखदा उकळतो, लेकरं जवळ नकोत. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर चोळायचं नाही, वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची अन् तसंच दवाखान्यात न्यायचं.
ताई, सात महिने म्हणजे आता वाटी-चमच्यानं थोडं थोडं उकळून गार केलेलं पाणी चालेल. दूध मात्र मागेल तेव्हा. मध चाटवू नका, वर्ष होईपर्यंत मध अजिबात नाही.

मास्तर_आर्वी · दुपारी ४.३१
मग रोज ओआरएसचं पाणी द्यावं. उन्हाळ्यात क्षार जातातच.

गावची_आशा · दुपारी ४.३८
रोज नाही, मास्तर. जुलाब किंवा उलट्या असतील तेव्हाच. तेव्हाही मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं टाकून अर्धं उद्याला ठेवायचं नाही. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. सात-आठ वेळा लघवी होते म्हणजे या लेकराला पाणी कमी पडत नाही.

तारतंत्री · सायंकाळी ५.१५
आत्ता कामावरून आलो. सारे बोलले, पण कूलर कुठं ठेवला हे कोणीच विचारलं नाही. ताई, कूलर खिडकीत बाहेरून बसवला की खोलीत ठेवला? खिडक्या किती? दार लावता का?

धुऱ्यावरची_बाभूळ · सायंकाळी ५.४०
खोलीतच, स्टुलावर. खिडकी एकच, ती बंद आहे. दार लावूनच ठेवतो, नाहीतर गारवा बाहेर जातो.

तारतंत्री · सायंकाळी ५.४८
सापडलं. गारवा बाहेर गेलाच पाहिजे ताई, त्याशिवाय कूलर कूलर नाही.
कूलरमधलं पाणी ताट्यांवरून वाहते अन् कोरड्या हवेत उडते, ते उडताना हवा थंड होते. आपल्याकडची मे महिन्याची हवा वाळलेली असते म्हणून इकडं कूलर चालतो, मुंबईला चालत नाही. पण दार-खिडकी लावली की तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते. तासाभरात भिंती, गाद्या, कपडे सारे ओलसर. अशा हवेत घाम वाळत नाही, कातडीतच कोंडतो. तुमची खोली थंड नाही, दमट आहे. सकाळी गादीला ओलसर वास येतो का पाहा.
कूलरची पाठ उघड्या खिडकीला लावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरचं दार वीतभर उघडं ठेवा. वारा लेकराच्या अंगावर थेट सोडू नका, भिंतीकडं तोंड करा. खिडकी काऊन बंद ठेवली?

धुऱ्यावरची_बाभूळ · सायंकाळी ६.२०
खिडकीतून गेल्या वर्षी विंचू आला होता. माझ्या मोठ्या मुलाला चावला, चार वर्षांचा होता. दोन दिवस तालुक्याला भरती होता. तेव्हापासून मी त्या खिडकीला पोतं कोंबून वरून फळी ठोकली आहे. ती खिडकी मी उघडणार नाही.

कवेलू · सायंकाळी ६.२८
ताई, भीती खरी आहे. पण खिडकीच्या बाहेर काय आहे ते सांगा. पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग?

धुऱ्यावरची_बाभूळ · सायंकाळी ६.३५
हो. पऱ्हाटी अन् जुनी कवेलं.

कवेलू · सायंकाळी ६.४४
मग तिथंच विंचवाचं घर आहे. ढीग भिंतीपासून दूर, जमेल तेवढा दूर हलवा. हलवताना पायात बूट अन् हातात काठी पाहिजे, उघड्या हातानं कवेलू उचलायचं नाही. खिडकीला बारीक डासांची जाळी ठोका, फटी सिमेंटनं बुजवा. अल्ट्राव्हायोलेटची छोटी बॅटरी मिळते, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. आम्ही रोज झोपण्याआधी भिंती अन् गाद्या पाहतो. पोरांना सवयच झाली आहे.

मास्तर_आर्वी · सायंकाळी ७.०२
विंचवाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या काळी लाल विंचू चावला की लेकरू गेलंच असं धरत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून हे चित्र बदललं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे जालना जिल्ह्यातले. मंत्र अन् बिब्ब्याचे चटके यात वेळ घालवू नये. चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर एक मिनिट न थांबता दवाखाना.

गावची_आशा · सायंकाळी ७.१०
मास्तरांचं हे अगदी बरोबर. दोरी आवळायची नाही, चिरा मारायचा नाही. अन् जमिनीवर झोपत असाल तर खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते अन् तिचा दंश कळतसुद्धा नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी · सायंकाळी ७.४०
आता हप्त्यावर एसी सहज मिळतो. एक टनाचा लावून टाका, हा सगळा खटाटोप वाचेल. मी गावी आईबाबांना लावून दिला.

तारतंत्री · सायंकाळी ७.५२
दादा, टिनाखाली एक टन एसी पुरत नाही. अन् आमच्याकडं रात्री दाब इतका पडतो की ट्यूबलाइट पेटत नाही, एसीचा कॉम्प्रेसर कुठून उचलेल? ताईंनी एसी विचारलाही नाही.
ताई, दुसरी गोष्ट, ही पहिल्यापेक्षा मोठी. तुमचं लेकरू महिन्या-दोन महिन्यांत रांगायला लागेल. कूलर टिनाचा आहे ना? त्याच्या भोवतीची जमीन ओली असते. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कूलरचा करंट लागून माणसं जातात, त्यात लेकरं असतात. पिनेचा तिसरा पाय तोडलेला असेल तर आजच बदला. बोर्डात अर्थिंग खरंच आहे का, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्या. बरेच ठिकाणी भोक असते, मागं तार नसते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, करंट गळला की तो लगेच वीज तोडतो. साधी एमसीबी वायर जळू देत नाही, माणसाला वाचवत नाही. पाणी भरायच्या आधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन उपसायची. मोठ्या मुलालाही सांगून ठेवा.

निंबोणी · रात्री ८.१५
तुरटीचं कोणी मनावरच घेतलं नाही. करून पाहा, नुकसान काय आहे?

गावची_आशा · रात्री ८.२२
फुटलेल्या, खाजवलेल्या कातडीला तुरटी झोंबते, निंबोणीताई. तुमची पोरं मोठी असतील. हिला साधं गार पाणी पुरे, दिवसातून दोनदा, साबण एकदाच. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. मानेच्या घड्या उघडून वारा लागू द्यायचा.

मोर्शीची_आजी · रात्री ९.०५
माय, पाठीवरच काऊन आहे? पोटावर नाही? लेकराच्या खाली मेणकापड टाकतं का तू? अन् टोपडं? आमच्या सुनेनं असंच केलं होतं. गादी भिजू नये म्हणून मेणकापड, वरून दुपट्याची घडी. पाठ उकडून निघाली पोराची. मेणकापड काढ पहिले. जुन्या लुगड्याच्या चार घड्या टाक, ओल्या झाल्या की बदल. अन् घरात टोपडं बांधू नको, लेकराच्या डोक्यातूनच लय गरमी निघते.

धुऱ्यावरची_बाभूळ · रात्री ९.३०
आजी, मेणकापड आहे. टोपडंही आहे, सासूबाई कान झाकायला सांगतात, कूलरचा वारा लागतो म्हणून. तेलही त्या रोज लावतात, आंघोळीनंतर, दोन वेळा. खोबरेल आहे, चांगल्या घाण्याचं. त्यांना थांबा कसं म्हणू? त्यांनीच या दोन्ही लेकरांचं सगळं केलं आहे, बाळंतपणात मला उठू दिलं नाही.

मोर्शीची_आजी · रात्री ९.४१
थांबा म्हणू नको. वेळ बदल. आंघोळीच्या आधी थोडं तेल लावू दे त्यांना, मग अंग धुऊन निघते. आंघोळीनंतरचं तेल कातडीची भोकं बुजवते, त्याच्यावर तू पावडर टाकत असशील, त्याचा चिखल होते मानेत. त्यांनाच सांग की आशाताईनं आंघोळीआधी लावायला सांगितलं. आम्हा म्हाताऱ्या बायांना काम काढून घेतलेलं दुखते, वेळ बदललेली दुखत नाही.

गावची_आशा · रात्री ९.५०
माझं नाव घ्या, बिनधास्त. सांगितलंच आहे मी.
मलम आणायला तालुक्याला जायची गरज नाही आत्ता. घट्ट मलमानं भोकं अजून बुजतात. चार-पाच दिवस हे करा. ताप आला, पू झाला, कातडी लाल होऊन गरम लागली, दूध ओढेना किंवा लेकरू सुस्त पडलं तर मात्र वाट पाहू नका.

धुऱ्यावरची_बाभूळ · २० मे, सकाळी ११.२०
सांगायला उशीर झाला, तीन दिवस रेंज नव्हती.
मेणकापड त्याच रात्री काढलं. पाठ जवळपास साफ झाली, आता नुसती खरखर लागते. मानेत अजून आहे थोडं. सासूबाईंना आंघोळीआधीचं सांगितलं, त्या म्हणाल्या आमच्या माहेरीही आधीच लावत. टोपडं दुपारी निघालं, रात्री त्या बांधतात, मी झोपल्यावर सोडते.
ढीग ह्यांनी अन् दिरानं हलवला. खाली दोन विंचू निघाले, एक लाल. मी बाजूला उभी होते, माझे हात थरथरत होते. खिडकीला जाळी ठोकली, फटी बुजवल्या. परवा पहिल्यांदा फळी काढली. कूलर तिथं लावल्यावर खोलीतला फरक मला दारातच कळला. लेकरू रात्री सलग साडेचार तास झोपलं.
पिनेचा तिसरा पाय तोडलेलाच होता. बोर्डात अर्थिंग नव्हतं. आमच्याकडचा तारतंत्री उद्या येणार आहे, तोपर्यंत कूलरला दोरी बांधून मोठ्याला तिकडं जाऊ देत नाही. चुना नाही मारला अजून, मिठाचं ठरू द्या तुमचं.

वाळ्याची_ताटी · सकाळी ११.३१
मीठ न घालता मारा. नुसत्या डिंकावरही धरतो. पण २५ तारखेला नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात, त्याच्या आत मारा.

तारतंत्री · दुपारी १.०५
बरं झालं. तोपर्यंत कूलर रात्री लावूच नका, दोन रात्री पंख्यावर काढा. दोरीवर भरवसा नको. अन् दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा, डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मृग लागला, हवा ओली झाली की कूलरमधलं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, नाहीतर घामोळ्या परत येतील.

धुऱ्यावरची_बाभूळ · दुपारी १.२०
बरं दादा. आज रात्री अंगणात खाटा टाकतो मग, मच्छरदाणी लावून. आशाताई, मानेसाठी काही लावू का की नुसतं कोरडं ठेवू?

गावची_आशा · दुपारी १.४४
नुसतं कोरडं. दूध पाजताना मानेखाली सुती फडकं धरा, ओघळ तिथंच जातो.