मदत हवी आहे: पार्किन्सन्ससाठी ‘नाकातून मेंदूत जाणारं नॅनो औषध’

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबा ७४ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. गोळी चढली की सुडोकू सोडवतात. उतरली की न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय चिकटून बसतात. तिथे लादीवर लाल चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल बरोबर उचललं जातं!

आता मुद्दा. आत्याला वाशीच्या एका दवाखान्यातून पत्रक मिळालं. कायटोसान नावाच्या पदार्थाच्या नॅनोकणांत (अतिसूक्ष्म कणांत) भरलेलं औषध नाकात फवारायचं, ते थेट मेंदूत पोचतं. ‘ट्रायल’ आहे म्हणे, पण नावनोंदणीचे चाळीस हजार आगाऊ.

थोडं वाचलं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की नुसतं डोपामीन (पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन) आत जातच नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. ते अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या, दारातून शिरतं. (गोळी आणि वरण एकत्र नको असं डॉक्टर का सांगतात ते आत्ता कळलं. एकाच दारात दोघांची ढकलाढकली!) नाकातल्या वासाच्या नसा मेंदूपर्यंत जातात आणि कायटोसान चिकट, त्यामुळे औषध नाकात जास्त वेळ टिकतं, इथवर पटतं. पण मला सापडलेले प्रयोग उंदरांवरचे. शिवाय कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून करतात आणि बाबा माळकरी. ते वेगळंच.

कुणी हे घेतलंय का? पैसे मागणं रीतसर आहे का?

प्रतिसाद १
पैसे भरू नका. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. सीटीआरआय, म्हणजे औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक मागा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे, संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते. आणि उंदराच्या नाकात वासाचं अस्तर जवळपास निम्मं, आपल्या नाकात दहा टक्क्यांहूनही कमी. उंदराला जमलं ते बाबांना जमेलच असं नाही.

प्रतिसाद २
मेंदूत विरघळणाऱ्या औषधी चकत्या खरंच ठेवतात, अमेरिकेत १९९६ पासून परवानगी आहे. पण त्या कर्करोगाच्या गाठीसाठी, आणि तेव्हा शस्त्रक्रियेत कवटी उघडलेलीच असते. पार्किन्सन्सशी संबंध नाही.

धागाकर्ता
आत्याने क्रमांक विचारला. “तो येईल हो, तोवर पैसे भरून जागा धरून ठेवा,” असं उत्तर मिळालं. नाही भरत. ठाण्यात गोळ्यांच्या वेळा नीट बसवून देणारे न्यूरॉलॉजिस्ट माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लिफ्ट असलेली इमारत हवी.