सेमाग्लुटाइड ०.५ वर मळमळ आणि बद्धकोष्ठ: डोस वाढवायचा का?

सायली_प:
आईसाठी विचारतेय. वय ५४, बीएमआय ३४, मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. वजनासाठी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन दिलंय. ०.२५ मि.ग्रॅ.चे चार आठवडे काही त्रास झाला नाही. आता ०.५ ची दोन इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी पुढचे दोन दिवस मळमळ, जेवण निम्म्यावर आणि पोट साफ होत नाही. दोन आठवड्यांनी १ मि.ग्रॅ. करायचंय. करावं की थांबावं? एखादं इंजेक्शन चुकलं तर? आणि हे किती दिवस चालवायचं?

धन्वंतरी७:
मळमळीचं नंतर बघू, आधी ग्लिमेपिराइडचं विचारून घ्या. सेमाग्लुटाइड एकट्याने साखर फारशी खाली नेत नाही, कारण साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन सोडायला लावतं. ग्लिमेपिराइडचं तसं नाही; जेवण निम्म्यावर आलं तरी गोळी इन्सुलिन सोडायला लावतच राहते आणि साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून अशा वेळी डॉक्टर बहुधा ती गोळी कमी करतात किंवा बंद करतात. हे पुढच्या तपासणीपर्यंत ठेवू नका, आजच फोन करा. थरथर, घाम, धडधड वाटली तर लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की आधीपासून असलेला पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो.

आता डोस. ०.२५, ०.५, १, १.७, २.४ अशी चढण असते आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. 'किमान' म्हणजे चारच नव्हे. त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी चार आठवडे ०.५ वरच थांबता येतं, त्यात काही बिघडत नाही. घाईने वाढवलं की उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि शेवटी औषधच सुटतं.

पथ्यपाणी:
या औषधाने जठर उशिरा रिकामं होतं, त्यामुळे तळलेलं आणि तुपातेलाचं जास्त वेळ पोटात राहतं. इंजेक्शनचा दिवस आणि पुढचे दोन दिवस थोडं थोडं, चार-पाच वेळा खायला द्या. पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच हात थांबवायचा. ताट संपवायचा आग्रह करू नका, उलट्या बहुतेक त्या शेवटच्या चार घासांनीच होतात. जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका.

बद्धकोष्ठासाठी बरेच जण इसबगोल सुरू करतात आणि पाणी मात्र तेवढंच ठेवतात. मग पोट आणखी घट्ट होतं. आधी पाणी वाढवा. तरी तीन-चार दिवस पोट साफ झालं नाही तर लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पोट साफ करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा.

ताटात प्रथिनं आधी. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात आणि या वयात गेलेले स्नायू परत मिळवणं कठीण. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्याचा व्यायाम. नुसतं चालणं पुरत नाही.

सायली_प:
फोन केला, ग्लिमेपिराइड निम्मी केली आहे. पण आई म्हणते, दीड किलोच उतरलंय, हे औषध आपल्याला लागू पडत नाही.

धन्वंतरी७:
०.२५ हा सवय होण्यासाठीचा डोस आहे, वजन उतरवण्याचा नाही. ०.५ लाही आत्ताच सुरुवात झालीय. मधुमेह असणाऱ्यांचं वजन कमी उतरतं, हेही त्यांना सांगा. २.४ मि.ग्रॅ.च्या ६८ आठवड्यांच्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्यांचं सरासरी सुमारे १५ टक्के घटलं, मधुमेह असलेल्यांचं सुमारे १० टक्के. तेवढ्यानेही रक्तदाब, साखर आणि गुडघ्यांना चांगलाच आराम पडतो.

औषधपेटी:
इंजेक्शन चुकलं आणि पाच दिवस उलटले नसतील तर आठवताच द्या, पुढचं ठरलेल्या वारी. पाच दिवस उलटले असतील तर ते सोडून द्या. दोन एकदम कधीच नाहीत. सलग दोन-तीन चुकली तर जुन्याच डोसवर परस्पर सुरू करू नका, बऱ्याचदा खालच्या पायरीपासून यावं लागतं.

डायल फिरवून डोस लावायचं इंजेक्शनचं पेन असेल तर आकडा शून्यावर आल्यावर सुई लगेच काढू नका, सावकाश सहापर्यंत मोजा. लगेच काढली की थेंब कातडीवर राहतो आणि डोस कमी पडतो. दर वेळी नवी सुई आणि नवी जागा: पोट, मांडी किंवा दंड. सुई लावलेलं पेन ठेवून दिलं तर औषध गळतं. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण मागच्या भिंतीला चिकटवून नको. एकदा गोठलेलं पेन टाकूनच द्यायचं.

धन्वंतरी७:
किती दिवस, हे राहिलं. लठ्ठपणा रक्तदाबासारखा चिवट आजार आहे. औषध थांबवल्यावर भूक परत येते; एका चाचणीत वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. तेव्हा बरीच वर्षं घ्यावं लागेल असं धरून खर्चाचा हिशेब आताच करा.

पोटात वरच्या बाजूला सतत जोराची कळ, पाठीत जाणारी, सोबत उलट्या असतील तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ आली तर पित्ताशयाचे खडे. दोन्हींत पुढचं इंजेक्शन न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल, तर पुढच्या इंजेक्शनआधी सांगा.