चढावर चेन सटकतेय, दुकानात म्हणतात सगळं बदला. खरंच लागेल का?

टेकडीचा_राघू
नमस्कार मंडळी. माझी हार्डटेल सायकल आहे (मागे शॉकअब्सॉर्बर नसलेली), २७.५ ची चाकं, पुढे २ मागे ९ गिअर, पुढे १०० एमएम दबणारा शॉकअब्सॉर्बरवाला फोर्क, दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क. दिवाळीत ३ वर्षं होतील. रेस वगैरे काही करत नाही, आठवड्यातून दोनदा सकाळी वेताळ टेकडी, खाणीला चक्कर मारून परत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, एवढंच. पण ती सकाळ चुकली की दिवसभर चैन पडत नाही.

तर झालंय असं की महिनाभर चढावर जोर लावला की चेन खट्ट करून उडी मारते. परवा मुरमाच्या चढावर उभं राहून पायडल मारत होतो, पाय एकदम मोकळा गेला आणि गुडघा हँडल धरणाऱ्या स्टेमवर आपटला, अजून निळा आहे. दुकानात दाखवली तर त्यांनी चालवूनसुद्धा न बघता सांगितलं की चेन, कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच), पुढची चक्रं, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सगळं गेलंय, नऊ हजार आणि मजुरी वेगळी. दुसरं म्हणजे मागचा ब्रेक इतका किंचाळतो की चालायला आलेली माणसं दचकून बाजूला होतात, फार वाईट वाटतं. आणि एवढं किंचाळून लागतही नाही नीट. पावसात गंज नको म्हणून चेनला स्प्रे मारला होता त्यानंतर सुरू झालं. नऊ हजार घालायचे का? जाणकारांनी सांगा प्लीज.

अजिंक्य_चाक
थांबा, लगेच पैसे घालू नका. आधी तीन गोष्टी सांगा. सगळ्या गिअरला सटकते की ठरावीक? बाइक अलीकडे उजव्या बाजूवर पडली होती का? आणि चेन मोजली का कुणी? बारा इंची स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, चेन ताणलेली हवी, बारा इंचावर पिनचा मध्य बरोबर आला तर चेन नव्यासारखी. १/१६ इंच पुढे गेला तर बदलायची वेळ झाली, १/८ गेला तर कॅसेटही बहुतेक खाल्लेली असते.

टेकडीचा_राघू
दादा धन्यवाद. पट्टी उद्या आणतो. मागचे छोटे गिअर ठीक आहेत, मोठ्या तिनांना त्रास आहे, आणि सगळ्यात मोठ्याला टाकलं की टिक टिक टिक असा आवाज येतो, कशाला तरी काहीतरी घासल्यासारखा. पडली नाही हो, म्हणजे मी पडलो नाही. पण जुलैमध्ये पायवाटेवर आजी-आजोबा येत होते, त्यांना वाट द्यायला उतरलो आणि बाइक कडेला टेकवली ती घसरून दगडावर आडवी झाली, उजवीकडेच. थोडं खरचटलं होतं, बाकी काही दिसलं नाही म्हणून विसरून गेलो.

अजिंक्य_चाक
मग तेच आहे असं मला जवळपास खात्रीने वाटतं. हँगर वाकलाय. आणि कळकळीने सांगतो, सगळ्यात मोठा गिअर आता अजिबात वापरू नका. ती टिकटिक म्हणजे डिरेलरचा पिंजरा (चेन ज्यावरून फिरते त्या दोन छोट्या चाकांची, म्हणजे पुलींची, चौकट) स्पोकला लागतोय. चढावर एकदा आत ओढला गेला की डिरेलर, स्पोक, कधीकधी फ्रेमसुद्धा जाते. यवतेश्वरच्या चढावर माझ्या मित्राचं झालंय, चाक जागच्या जागी अडकलं, वेग नव्हता म्हणून वाचला.

डिरेलर थेट फ्रेमला लावत नाहीत, मधे अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे आपटलं तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. मागच्या ९ गिअरमध्ये शेजारच्या दोघांमधलं अंतर जेमतेम साडेचार एमएम, त्यामुळे खालची पुली दोन-तीन एमएम जरी आत गेली तरी चेन दोन गिअरच्या मधे घुटमळते आणि जोर लावला की उडी मारते. केबल कितीही ताणा, एक गिअर जमला की दुसरा बिघडतो.

बघायचं कसं, तर बाइक उभी करून मागे उकिडवे बसा, एक डोळा मिटा. दोन्ही पुली आणि वरचा गिअर एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. तुमची खालची पुली चाकाकडे कललेली दिसेल. अजून खात्री करायची तर डिरेलर सोडवा (५ ची अ‍ॅलन की) आणि दुसरं एखादं जुनं मागचं चाक घेऊन त्याच्या अ‍ॅक्सलचं टोक हँगरच्या भोकात फिरवून बसवा, बऱ्याच चाकांचे आटे तेच असतात, १० एमएम बाय १. सहज गेलं नाही तर जबरदस्ती करू नका. बसलं की दोन्ही चाकं समांतर आहेत का ते वर, खाली, पुढे, मागे मोजा. वाकडेपणा लगेच कळतो. थोडं असेल तर त्याच चाकाला धरून हळूच सरळ करता येतं, पण जास्त वाकला असेल तर नवीनच घ्या, एकदा मार खाल्लेला तुकडा पुन्हा लवकर वाकतो किंवा मोडतो. घेताना जुना सोबत न्या, प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो.

मुळशीची_वाट
ब्रेकचं मी सांगते, कारण हेच मी केलेलं आहे. चेनवरचा स्प्रे उडून चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर गेला आणि तिला दाबणाऱ्या पॅडने तो पिऊन घेतला. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्वच्छ पांढरं फडकं घ्या आणि ते काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहा, नंतर बोट लावू नका. पॅड काढून पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून वरचा थर घासा. तेल आत मुरलं असेल तर मात्र घासून काही होत नाही, नवीन पॅड टाका, ब्रेकशी काटकसर करू नका, टेकडीवर लहान मुलं असतात. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जाता जात नाही.

पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर जरा वेग घ्या आणि चाक लॉक न करता हळूहळू ब्रेक दाबत चालण्याच्या वेगावर या, असं पंधरा-वीस वेळा. पहिल्या पाच वेळा वाटेल काही लागतच नाही, मग एकदम पकडायला लागतो. आणि चेनला स्प्रे नको, बाटलीतलं तेल एकेका कडीवर थेंब थेंब सोडायचं, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाकायचं.

गोदाकाठ_२९
हँगर बघा हे बरोबरच, पण ३ वर्षं आणि तीन पावसाळे एकच चेन म्हणजे मी तरी बदलूनच टाकली असती. चेन स्वस्त, कॅसेट महाग. पाऊस थांबल्यावरही धुताना प्रेशरचं पाणी हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारू नका, ग्रीस निघून जातं.

बाकी काट्यांचं काय करता पुण्यात? आमच्याकडे बाभळीने जीव नकोसा केला होता, एका राइडला तीन पंक्चर. ट्यूबलेस केल्यापासून सुटलो, फक्त उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत वाळतं, चाक हलवून आत डबडब आवाज येतो का बघत जा.

अजिंक्य_चाक
@गोदाकाठ_२९ मोजल्याशिवाय बदलायची नाही असं माझं मत. कॅसेट झिजलेली असेल तर त्यावर नवी चेन उलट जास्त सटकते, मग माणूस म्हणतो चेनच खराब निघाली.

टेकडीचा_राघू
मंडळी, अपडेट देतो. मागे बसून एक डोळा मिटला आणि स्पष्ट दिसलं, खालची पुली चांगली आत कललेली. इतके दिवस मी बाजूनेच बघत होतो. चेन मोजली, १/१६ च्या आतच आहे. हँगर काढून खिशात घातला, चार दुकानं फिरलो, चौथ्या ठिकाणी जुळला, ६२० रुपये. आटे पुसून थोडं ग्रीस लावून बसवला, मग लिमिट स्क्रू (डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे) आणि केबल, दोन तास गेले पण घरीच झालं. पॅड घासून बघितले, जमलं नाही, नवीन टाकले, ताईंनी सांगितलं तसं वीस वेळा केलं. आज सकाळी त्याच मुरमाच्या चढावर उभं राहून मारली, एकदाही सटकली नाही. वर पोचलो तेव्हा धुकं होतं आणि खाली झाडीत मोर ओरडत होते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता आवाज बंद झाल्यावर एक नवीन ऐकू यायला लागलंय, बसून पायडल मारताना खालून कुर्र कुर्र. बॉटम ब्रॅकेट (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात ते बेअरिंग) गेलं का?

मुळशीची_वाट
बसूनच येतो ना, उभं राहिल्यावर नाही? मग आधी सीटपोस्ट काढा, आतली माती पुसा, ग्रीस लावून परत घाला. फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको. उभं राहूनही येत असेल तर दोन्ही पायडल सोडवून आट्यांना ग्रीस, डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा. बॉटम ब्रॅकेट शेवटी.