तीन-चार वर्षांच्या मुलांना भागवत-रामायणातल्या गोष्टी घरी कृतीतून कशा सांगाव्यात?

अंगणवेल

घरात दोन मुलं आहेत, एक तीन वर्षांचं, दुसरं साडेचार. दोघांना भागवत आणि रामायणातल्या गोष्टी सांगायच्या आहेत. नुसतं वाचून दाखवलं तर धाकटं लगेच उठतं. रंगवायला चित्र दिलं की दोघं बसतात, पण नंतर "गोष्टीत काय झालं?" विचारलं तर काही सांगता येत नाही. कोणत्या कथेपासून सुरुवात करावी, हातानं करायला नेमकं काय द्यावं, एका बैठकीला किती वेळ द्यावा, आणि वध-युद्धाचे प्रसंग कसे हाताळावेत? सामान शक्यतो घरातलंच हवं.

कथेकरी

चित्र रंगवताना मुलाचं सगळं लक्ष रेघेच्या आत रंग भरण्यात असतं. कथेत जे घडतं त्याच्याशी त्या हातांचा संबंधच येत नाही. म्हणून कृती कथेच्या पोटातलीच घ्यावी. ज्या कथेत काही वाढतं, बांधलं जातं, मोजलं जातं, घुसळलं जातं, ती कथा आधी. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्रमोक्ष, समुद्रमंथन, वामन आणि मत्स्य अशा चारही कथा आहेत. या वयासाठी तिथूनच सुरुवात करा, आणि त्यातही मत्स्यापासून.

राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करत असतो, त्याच्या ओंजळीत इवलासा मासा येतो. "मला पाण्यात सोडू नकोस, मोठे मासे खातील," असं तो म्हणतो. राजा त्याला कमंडलूत ठेवतो, तर एका रात्रीत कमंडलू अपुरा पडतो. मग मोठं भांडं, मग तळं, शेवटी समुद्र. लहान-मोठ्याचा क्रम लावणं हे या वयातल्या गणिताचं मुख्य काम, आणि इथे ते कथेतच आहे.

चार भांडी घ्या. तोंडाचा व्यास साधारण ८, १४, २२ आणि ४० सें.मी.: वाटी, डबा, पातेलं, टब. मासेही चार, लांबी ६, ११, १८ आणि ३० सें.मी. प्रत्येक मासा आधीच्या भांड्यापेक्षा लांब असला पाहिजे, सगळी कथा त्यावर उभी आहे. मासे फोमशीटचे कापू नका. फोम वाकतो, मूल दाबून मासा वाटीत कोंबतं आणि "मावला!" म्हणतं, मग राजानं भांडं बदलायचं कारणच उरत नाही. कागद भिजून लगदा होतो. फाइलचं जाड प्लास्टिकचं कव्हर उत्तम. शेपटीची टोकं मात्र कात्रीनं गोल करा. काही मुलं मासा तिरका उभा करून आत बसवतात. त्यासाठी आधीच ठरवा: मासा आडवा पोहला पाहिजे.

वाटी, डबा आणि पातेल्यात ३ सें.मी. पाणी पुरतं, टबात ५. एवढ्याशा पाण्याजवळही मुलाला क्षणभर एकटं सोडायचं नाही, आणि कृती संपली की टब लगेच रिकामा करायचा.

सुरुवातीला सगळ्यात छोटा मासा मुलाच्याच ओंजळीत ठेवा. प्रत्येक भांड्यापाशी मासा एकच वाक्य बोलतो: "राजा, राजा, जागा पुरत नाही!" दोनदा तुम्ही म्हणा, तिसऱ्यांदा फक्त "राजा, राजा..." म्हणून थांबा. बाकीचं मुलाकडून येतं. पुढचा मासा कुठे मावेल हे सांगू नका, त्याला लावून बघू द्या. दोन वयं एकत्र आहेत तर थोरल्यानं आधी भांडी लहान-मोठी मांडायची, धाकट्यानं मासा हलवायचा.

नौका, सप्तर्षी, शिंगाला बांधलेला वासुकी हा उत्तरार्ध थोरल्याला नंतर सांगा. नौकेत 'बिया' म्हणून कडधान्यं देऊ नका. तीन वर्षांचं मूल दाणा नाकात किंवा कानात घालतं. मोठी पानं द्या.

खडूफळा

कथेकरींशी सहमत. सेतूबंधनाची भर घालतो, कारण त्यातले आकडे घरच्या जमिनीवर जसेच्या तसे मांडता येतात.

वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात सेतू पाच दिवसांत पूर्ण होतो. रोजचं काम १४, २०, २१, २२ आणि २३ योजनं, एकूण १०० योजनं लांब आणि १० योजनं रुंद. एक योजन म्हणजे एक सेंटिमीटर धरा. सेतू बरोबर एक मीटर लांब आणि १० सें.मी. रुंद होतो. ए-फोर कार्डशीट २१ सें.मी. रुंद असते, तिच्यातून १० सें.मी. रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात. म्हणजे तीन शीटांमध्ये पाचही पट्ट्या होतात.

जमिनीवर निळं कापड पसरा आणि चारही कोपरे चिकटपट्टीनं पक्के करा, नाहीतर गुडघ्याखाली कापड सरकतं आणि सेतू तुटतो. दोन्ही किनाऱ्यांमधलं अंतर आधी मोजून ठेवा, बरोबर १०० सें.मी. रोज एकच पट्टी लावायची, पाच दिवस. पट्टीवर ठोकळे किंवा मुठीएवढे गुळगुळीत दगड. कागदी नळकांड्याच्या भोकातून आत जाईल एवढी छोटी वस्तू तीन वर्षांच्या हाती नको, ती घशात अडकू शकते.

तीन वर्षांच्या मुलाला फक्त पहिल्या आणि पाचव्या दिवसाची पट्टी शेजारी ठेवून "जास्त काम कधी झालं?" एवढंच विचारा. २१, २२ आणि २३ मधला फरक त्याला दिसत नाही. साडेचारचं मूल पाचही क्रमानं लावू शकतं, पण पट्ट्यांची एक बाजू भिंतीला टेकवूनच. ती टेकवली नाही तर मूल पुढे आलेलं टोक बघून चुकीची पट्टी लांब ठरवतं.

शेवटी थोरल्यासाठी एक पूल उभा करा. दोन डबे २० सें.मी. अंतरावर, वर कार्डशीटची साधी पट्टी. तिच्यावर दगड ठेवला की ती मधोमध खचते. मग दुसऱ्या पट्टीला २ सें.मी.च्या उलटसुलट घड्या घाला, पंख्यासारख्या. घड्या एका डब्याकडून दुसऱ्या डब्याकडे जाणाऱ्या हव्यात. आडव्या घातल्या तर पट्टी आणखी लवकर खचते. दोन्ही पट्ट्या मुलाला करून बघू द्या आणि नल हा विश्वकर्म्याचा मुलगा, बांधकाम जाणणारा, हे तिथेच सांगा.

खारीची गोष्ट वाल्मीकींच्या मूळ कथेत नाही, ती लोकपरंपरेतली आहे. माझ्या मते ती वेगळ्या दिवशी, "लोक अशीही गोष्ट सांगतात" म्हणून सांगावी.

भिंगरी

खारीला वेगळा दिवस देण्याची गरज मला वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला नल-नीलापेक्षा खार जवळची वाटते, कारण तीही त्याच्यासारखीच छोटी असते आणि तिच्या वाट्यालाही काम येतं. "लोक सांगतात" हे वाक्य जोडलं की झालं.

समुद्रमंथनाबद्दल लिहिते. गुळगुळीत काठी किंवा घरातली रवी, आणि दीड मीटर जाड सुती दोरी. दोरीचा काठीला दीड वेढा द्या. दोन वेढे दिले तर दोरी एकमेकींवर चढून अडकते, अर्धाच दिला तर काठी फिरतच नाही. एका टोकाला एक मूल, दुसऱ्या टोकाला दुसरं. काठीचं वरचं टोक तुम्ही अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात सैलसर धरा. आधी खाली आधार न देता सुरुवात करा: काठी सरकते, कलंडते. कथेतही मंदर असाच पाण्यात बुडू लागतो. आता खाली मळलेल्या मातीचा खोलगट गोळा ठेवा, हा कूर्म. काठी जागेवर फिरू लागते. कासव का आलं, हे समजावत बसावं लागत नाही.

दोन्ही मुलं एकाच वेळी ओढतात तेव्हा काठी अडते, हे ठरलेलंच. "देव... दानव... देव... दानव..." असा ठेका धरा, ज्याचं नाव येईल त्यानंच ओढायचं. आपल्या पाळीची वाट बघणं या वयात अवघड असतं, ठेका ते सोपं करतो. कृती संपली की दोरी ताबडतोब उंचावर ठेवा, गळ्याभोवती गुंडाळण्याचा धोका असतो.

चौदाही रत्नं काढू नका, यादी पाठ करण्यात कथा विरते. कामधेनू, ऐरावत, चंद्र, लक्ष्मी आणि अमृतकलश ही पाच पुरेत. झाकलेल्या टोपलीतून एकेक काढा आणि मोजा.

हलाहल सर्वांत आधी निघतं आणि शंकर ते कंठात धरतो. साडेचारच्या मुलाला हे सांगा, पण लगेच पुढचं वाक्यही बोला: "आपण मात्र अनोळखी बाटलीतलं काहीही तोंडात घालत नाही." मुलं जे ऐकतात ते करून बघतात. तीन वर्षांच्यासाठी हा भाग सरळ वगळा.

पानमळा

वध-युद्धाबद्दल. तीन-चारच्या वयात मूल कथेतल्या भीतीपासून स्वतःला वेगळं काढू शकत नाही. पूतना, कंस, हिरण्यकशिपू या कथा कितीही मवाळ केल्या तरी त्यांचा गाभा भीतीचाच राहतो, आणि राक्षसाला फक्त 'पळून गेला' म्हटलं तर तो परत येईल अशी धास्ती लागते. कथा मोडण्यापेक्षा ती दोन-तीन वर्षं पुढे ढकला. मत्स्य, सेतू, गोवर्धन, वामन आणि ध्रुव ही वर्षभराची शिदोरी आहे. गजेंद्रमोक्षात मगर आहे, पण सगळा भर हत्तीच्या हाकेवर ठेवता येतो.

गोवर्धनासाठी एक चादर पुरते. पाऊस बोटांनी वाजवायचा: आधी एका बोटानं तळहातावर, मग दोन, मग पाचही, मग मांडीवर, आणि त्याच क्रमानं परत एका बोटावर. कृष्णानं पर्वत सात दिवस धरला, म्हणून सात वेळा पाऊस. चादर जड वाटली की मुलं आपणहून म्हणतात, "सगळ्यांनी धरू या."

वामनासाठी घरातल्या प्रत्येकाची तीन पावलं दोऱ्यानं मोजून दोरे शेजारी लावा. बाबांची तीन पावलं आणि धाकट्याची तीन पावलं यांतला फरक दिसला की "तीनच पावलं मागितली, त्यात काय?" हा बळीचा समज मुलाच्या ध्यानात येतो.

ध्रुवाची कथा साडेचारच्यालाच सांगा. पाच वर्षांच्या मुलाला मांडीवरून दूर केलं जातं, हा प्रसंग लहानांना खोल लागतो. सांगताना मूल तुमच्या मांडीवर असू द्या.

कथा संपल्यावर तात्पर्य विचारू नका. "काय शिकलास?" या प्रश्नाला मूल पाठ केलेलं उत्तर देतं किंवा गप्प होतं. त्याऐवजी वस्तू त्याच्यासमोर ठेवा आणि "आता तू सांग" म्हणा. कथेतल्या प्रसंगांची चित्रं तीन वर्षांच्याला तीन पुरतात, साडेचारच्याला पाच. क्रम चुकला तर टोकू नका. दुसऱ्या दिवशी कथा सांगताना तोच प्रसंग जरा सावकाश सांगा.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. मासे आजच कापायला घेते. दोन शंका: एक कथा किती दिवस चालवायची? आणि धाकटं मधूनच उठून गेलं तर?

कथेकरी

एक कथा सात ते दहा दिवस. धाकट्यासाठी बैठक ८-१० मिनिटांची, थोरल्यासाठी १५ पर्यंत. पहिले दोन दिवस फक्त कथा आणि कृती, तिसऱ्या दिवसापासून भांडी खालच्या फळीवर, मुलांचा हात पोचेल अशी, पाण्याशिवाय ठेवा. मूल आपणहून मासा उचलून "जागा पुरत नाही" म्हणू लागलं की कथा रुजली. पुढची काढायला हरकत नाही.

पानमळा

उठलं तर जाऊ द्या, आणि थोरल्याबरोबर त्याच आवाजात पुढे चालू ठेवा. या वयाची मुलं खोलीभर फिरतानाही ऐकत असतात. ठरलेलं वाक्य आलं की धाकटं लांबूनच ते पुरं करतं का, तेवढं बघा. लागोपाठ तीन दिवस त्या वाक्यालाही प्रतिसाद आला नाही, तर कथा अर्ध्यावर आणा: ओंजळ, वाटी आणि थेट टब.